यूपीआय अडकलं, आपण पुन्हा बटण दाबलं: सिस्टिम बंद पडते तेव्हा आत काय चालतं?

१२ एप्रिल २०२५. शनिवार. सामान पिशवीत भरून झालंय, मागे चार माणसं उभी आहेत आणि फोनवर नुसतं चक्र फिरतंय. दुकानदार म्हणतो, "दादा, परत एकदा करून बघा." आपण परत करतो. परत चक्र. मग दुसरं ॲप उघडतो, तिथेही तेच. शेवटी पाकिटात कुठेतरी दुमडून ठेवलेली दोनशेची नोट शोधायला लागतो.

त्या दिवशी देशभरात लाखो लोकांनी थोड्याफार फरकाने हेच केलं. २६ मार्च, २ एप्रिल आणि १२ एप्रिल अशा अठरा दिवसांत यूपीआय तीन वेळा मोठ्या प्रमाणावर अडखळलं. त्यातल्या १२ एप्रिलच्या घटनेचं जे कारण नंतर समोर आलं, त्यात एक गंमत आहे. सर्व्हरवर हल्ला झाला नव्हता. "झालं का, झालं का" असं सारखं सारखं विचारलं गेल्यामुळे सिस्टिमचा जीव गुदमरला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अशा घटना हाताळणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे सिस्टिम बंद पडते तेव्हा पडद्यामागे काय चालतं, ते लिहून का ठेवतात आणि आपल्या देशात हे काम कुठे कमी पडतंय, हे सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

इन्सिडेंट म्हणजे नेमकं काय?

आमच्याकडे 'प्रॉडक्शन' म्हणजे कारखान्यातलं उत्पादन नव्हे. जी सिस्टिम खरे लोक खऱ्या कामासाठी वापरतायत, ती प्रॉडक्शन. माझ्या लॅपटॉपवर कोड चालला नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. प्रॉडक्शनमध्ये चालला नाही तर कुणाचा तरी रिक्षावाल्याशी वाद होतो.

बग आणि इन्सिडेंट यात फरक आहे. ॲपमध्ये एखादं बटण दोन पिक्सल खाली सरकलंय, हा बग. तो पुढच्या आठवड्यात दुरुस्त केला तरी चालतो. पण पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, हा इन्सिडेंट. तो आत्ता, या मिनिटाला सोडवावा लागतो.

प्रत्येक इन्सिडेंटला एक गंभीरतेची पातळी देतात. बहुतेक कंपन्यांत 'सेव्ह वन' म्हणजे सगळ्यात वाईट: बऱ्याच लोकांचं मुख्य कामच थांबलंय. 'सेव्ह टू' म्हणजे काही लोकांचं थांबलंय किंवा सगळ्यांचं मंद झालंय. पुढे असंच उतरत जातं. पातळी ठरली की मध्यरात्री कुणाकुणाला उठवायचं हेही ठरतं.

रात्री दोन वाजता फोन वाजतो तेव्हा

टीममधला एक जण आठवडाभर 'ऑन कॉल' असतो. सिस्टिमवर सतत मोजमाप चालू असतं: किती रिक्वेस्ट आल्या, किती फेल झाल्या, उत्तर द्यायला किती वेळ लागला. आकडा ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की अलार्म वाजतो. आधी ॲपवर नोटिफिकेशन येतं. उचललं नाही तर कॉल येतो. तोही उचलला नाही तर पुढच्या माणसाला जातो.

घटना मोठी असेल तर लगेच एक कॉल सुरू होतो आणि एक जण 'इन्सिडेंट कमांडर' होतो. हा माणूस स्वतः कोडला हात लावत नाही. कोण काय बघतंय, काय करून झालंय आणि ग्राहकांना काय कळवायचं, एवढंच तो पाहतो. शेतातल्या आगीसारखं आहे हे. सगळेच बादल्या घेऊन धावले तर विहिरीवर कोण थांबणार, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

इथे एक नियम नवीन मुलांना पचायला जड जातो: आधी रक्त थांबवा, आजार नंतर शोधा. दहा मिनिटांपूर्वी नवीन कोड टाकला असेल तर कारण समजायची वाट न बघता तो मागे घ्या. लोकांचं काम सुरू होऊ दे, शोधकाम सकाळी करता येईल.

हे चालू असताना एक जण मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. २:०४ ला अलार्म वाजला, २:११ ला पहिला माणूस कॉलवर आला, २:२६ ला डेटाबेसवर संशय, २:४० ला तो संशय चुकीचा निघाला. चुकीचे संशयसुद्धा लिहायचे. पुढच्या वेळी कुणाचा तरी अर्धा तास त्यामुळे वाचतो. ही नोंद म्हणजेच इन्सिडेंट ट्रॅकिंगचा पाया.

माझी स्वतःची एक चूक

पहिल्या नोकरीत मी एक छोटासा बदल केला होता. आमची सर्व्हिस दुसऱ्या एका सर्व्हिसला माहिती विचारायची. उत्तर आलं नाही तर एकदाच पुन्हा विचारायची. मी ते पाच वेळा केलं. मनात विचार एवढाच की जास्त वेळा विचारलं तर उत्तर मिळायची शक्यता जास्त. लॅपटॉपवर छान चाललं, रिव्ह्यूमध्येही कुणाला खटकलं नाही.

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती दुसरी सर्व्हिस थोडी मंदावली, फक्त थोडी. पण उत्तर उशिरा येतंय म्हटल्यावर आमच्या बाजूने प्रत्येक रिक्वेस्टच्या पाच-पाच रिक्वेस्ट जायला लागल्या. आधीच दमलेल्या सर्व्हिसवर अचानक पाचपट ओझं. ती पूर्ण झोपली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आणखी तीन सर्व्हिसेस घेऊन झोपली. दीड तास गेला.

याला आमच्याकडे 'रिट्राय स्टॉर्म' म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारण्याचं वादळ. आता हीच गोष्ट यूपीआयच्या आकाराची करून बघा.

१२ एप्रिलला काय झालं?

मार्च २०२५ मध्ये यूपीआयवर १,८०० कोटींहून जास्त व्यवहार झाले. दिवसाची सरासरी ५९ कोटींच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साडेसहा हजारांहून जास्त. आणि ही सरासरी आहे. संध्याकाळी सात वाजता आणि पहाटे तीन वाजता गर्दी सारखी नसते.

एक पेमेंट वाटतं तेवढं सरळ जात नाही. तुमचं ॲप त्याच्या भागीदार बँकेशी बोलतं, ती बँक एनपीसीआयशी, एनपीसीआय तुमच्या खात्याच्या बँकेशी आणि मग घेणाऱ्याच्या बँकेशी. या साखळीत कुठेही उत्तर उशिरा आलं की व्यवहार लटकतो. झाला की नाही, कुणालाच कळत नाही. अशा वेळी 'चेक ट्रान्झॅक्शन' नावाची विचारणा पाठवायची सोय आहे: त्या व्यवहाराचं काय झालं, एवढं सांगा.

१२ एप्रिलच्या तपासात हीच सोय उलटलेली दिसली. काही बँकांकडून या विचारणांचा पूर आला होता, आणि त्यात जुन्या व्यवहारांची चौकशीसुद्धा होती. त्या ओझ्याखाली नवीन पेमेंट अडकायला लागली. नवीन पेमेंट अडकली की त्यांच्याही विचारणा सुरू. एकदा हे चाक फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

गावात लाईट गेल्यावर काय होतं, आठवा. पन्नास घरांतून एकाच वायरमनला फोन जातो, "लाईट कधी येणार?" तो खांबावर चढलाय, एका हातात पकड आहे आणि खिशातला फोन थांबायचं नाव घेत नाही. तो प्रत्येक फोन उचलत बसला तर लाईट येणारच नाही.

यात आपला, वापरणाऱ्यांचा, वाटाही आहे. पेमेंट अडकलं की आपण परत बटण दाबतो, मग बॅलन्स तपासतो, मग दुसऱ्या ॲपवरून बॅलन्स तपासतो. हिशोब करून बघा. तुम्ही तीनदा दाबलं, त्या प्रत्येक वेळी ॲपने तीनदा प्रयत्न केला आणि त्या प्रत्येक प्रयत्नासाठी बँकेच्या सिस्टिमने तीनदा विचारलं, तर एका दुधाच्या पिशवीसाठी २७ रिक्वेस्ट झाल्या. म्हणून आधी थोडं थांबायचं, पुढच्या वेळी त्याहून जास्त थांबायचं आणि ठराविक प्रयत्नांनंतर गप्प बसायचं, ही शिस्त कोडमध्येच लिहावी लागते. मला ती दीड तासाच्या किमतीत कळली.

म्हणून आता बॅलन्स दिवसाला ५० वेळाच

यानंतर एनपीसीआयने बँकांना परिपत्रकं काढून नियम कडक केले. व्यवहार सुरू झाल्यावर निदान ९० सेकंद गेल्याशिवाय त्याची पहिली विचारणा करायची नाही. दोन तासांत जास्तीत जास्त तीन वेळाच विचारायचं. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स तपासता येतो. तुमच्या मोबाईल नंबरला जोडलेली खाती दिवसाला २५ वेळाच बघता येतात. ओटीटीची वर्गणी किंवा एसआयपीचे ऑटोपे हप्ते गर्दीच्या वेळा सोडून चालवायचे. सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९:३० या गर्दीच्या वेळा ठरल्या. शिवाय प्रत्येक व्यवहारानंतर शिल्लक रक्कम बँकेनेच कळवावी, म्हणजे तपासायची गरजच कमी होईल.

हे नियम आले तेव्हा सोशल मीडियावर बरीच चेष्टा झाली. "आता बॅलन्स बघायलाही रेशन" वगैरे. पण मागचं कारण माहीत असेल तर लक्षात येतं की ही एका इन्सिडेंटमधून निघालेली कामांची यादी आहे. घटना झाली, कारण शोधलं, पुन्हा होऊ नये म्हणून बदल केले. ट्रॅकिंगचा अर्थ हाच, आणि इथपर्यंत एनपीसीआयने काम बरोबर केलं असं मला वाटतं.

माझी तक्रार पुढची आहे. सविस्तर परिपत्रक बँकांना गेलं. आपल्याला घटना चालू असताना एक्सवर दोन-चार वाक्यं मिळाली: अधूनमधून तांत्रिक अडचण येतेय, काम चालू आहे. ज्यांचे पैसे लटकले, त्यांना कारण कळलं ते बातम्यांमधून, तेही तुकड्यातुकड्याने.

उघडपणे सांगितलं तर काय होतं?

१८ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ४:५० च्या सुमारास क्लाउडफ्लेअर कोसळलं. जगातल्या असंख्य वेबसाइट्स या कंपनीच्या नेटवर्कमागे उभ्या असतात. त्यामुळे एक्स, चॅटजीपीटी अशा कितीतरी सेवा एकदम अडकल्या. रात्री आठपर्यंत बहुतेक गाडी रुळावर आली आणि साडेदहानंतर सगळं पूर्ववत झालं.

त्याच दिवशी कंपनीचे सीईओ मॅथ्यू प्रिन्स यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल केला. त्यामुळे एका क्वेरीतून तीच माहिती दोनदा यायला लागली. त्यातून तयार होणारी फाइल दुप्पट झाली. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जास्तीत जास्त २०० गोष्टींची मर्यादा होती, ती ओलांडली आणि प्रोग्रॅम कोसळला. सुरुवातीला आपल्यावर मोठा सायबर हल्ला झालाय असा टीमचा चुकीचा समज झाला होता, हेही त्यात लिहिलंय. फसलेला कोडचा तुकडासुद्धा दाखवलाय.

त्याहून धाडसी उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचीच माहिती पुसली. त्याला वाटलं आपण दुसऱ्या सर्व्हरवर आहोत. ३०० जीबीपैकी सुमारे साडेचार जीबी उरली. मग कळलं की नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते, आणि ते फेल झाल्याचे ईमेलही पोचत नव्हते. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नोंदींचं डॉक्युमेंट सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. त्या इंजिनिअरचं नाव मात्र अहवालात नाही. तिथे फक्त 'टीम मेंबर १' आहे.

याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. चुकलेल्या माणसाला फासावर चढवायचं नाही. एका माणसाच्या एका चुकीने एवढं मोठं काही मोडूच कसं शकलं, हा प्रश्न विचारायचा. हे वाचायला साधुसंतांसारखं वाटतं, पण कारण अगदी व्यवहारी आहे. शिक्षेची भीती असेल तर पुढच्या वेळी माणूस सांगणारच नाही. माझ्या त्या पाच रिट्रायच्या वेळी मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला होता, "हे आपल्या टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही?" त्याने "कोणी केलं?" विचारलं असतं, तर खरं सांगतो, मी आधी माझं नाव कुठे कुठे आहे ते बघितलं असतं.

कागदावरचं ट्रॅकिंग

नोंद ठेवली म्हणजे सगळं झालं असंही नाही. इंजिनिअर मित्रमैत्रिणींशी बोललात तर तीन दुखणी हमखास ऐकायला मिळतील. एक, अलार्म इतके वाजतात की खरा अलार्म कानाआड जातो. दोन, मोठ्या इन्सिडेंटची उत्तरं साहेबांना द्यावी लागतात, म्हणून 'सेव्ह वन' गुपचूप 'सेव्ह टू' होतो. तीन, पोस्टमॉर्टेममध्ये लिहिलेली कामं जिरामध्ये पडून राहतात, कारण पुढच्या महिन्यात नवीन फीचर द्यायचं असतं. मग सहा महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा, आणि जुनं तिकीट अजून 'टू डू' मध्येच.

अशा वेळी बाहेरून कुणीतरी धाक ठेवावा लागतो. रिझर्व्ह बँकेने तो दाखवलाही आहे. वारंवार सेवा बंद पडल्यावर डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवीन क्रेडिट कार्ड देण्यास आणि नवीन डिजिटल सेवा सुरू करण्यास मनाई झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये आयटी व्यवस्थेतल्या त्रुटींवरून कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन नवीन ग्राहक जोडण्यास बंदी झाली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. एनपीसीआयसुद्धा दर महिन्याला कोणत्या बँकेत किती टक्के व्यवहार तांत्रिक कारणाने फेल झाले, ते आकडे प्रसिद्ध करते.

आकडे मिळतात, दंडुकाही आहे. नाही ती गोष्ट म्हणजे साध्या भाषेतला अहवाल: काय झालं, का झालं, किती लोकांचं अडलं, आता काय बदललंय. भाजीवाली ताई, रिक्षावाला आणि मेसचं बिल भरणारा विद्यार्थी ज्या व्यवस्थेवर रोज अवलंबून आहेत, तिचा अहवाल त्यांना कळेल अशा भाषेत, मराठीतसुद्धा, मिळायला हवा. तो लिहिण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हजारो पेमेंट इंजिनिअर तो वाचतील आणि आपापल्या कोडमधले पाच रिट्राय काढतील, हा फायदा वेगळाच.

पुढच्या वेळी तुम्ही काय कराल?

पेमेंट लटकलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. निदान दीड-दोन मिनिटं थांबा. 'पेंडिंग' दिसत असेल तर तो फेल नाही, त्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्यावर दुसरं पेमेंट केलंत तर दोन्ही जाऊ शकतात.

व्यवहाराचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ही तुमची स्वतःची इन्सिडेंट नोंद.

पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही तक्रार न करताही मिळायला हवी. नाही मिळाली तर आधी ॲपमध्ये आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत.

आणि हो, पाकिटात दोनशेची एक नोट असू द्या. सिस्टिम बनवणाऱ्या माणसाचा सल्ला आहे हा. आम्हीसुद्धा ठेवतो.